दोन लाखांवर चाललेली छोटी एसयूव्ही, नागपूरचा मे महिना आणि वर सरकणारा काटा

अंबाझरी
नमस्कार मंडळी. २०१२ ची छोटी एसयूव्ही आहे. दीड लिटरचं डिझेल इंजिन, मॅन्युअल गिअर, मीटरवर २ लाख १८ हजार किमी. गाडी पहिल्यापासून आमच्याच घरात आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा कुठली कंपनी चांगली या वादात जाईल, आणि मला जे विचारायचंय ते या वयाच्या कुठल्याही डिझेल गाडीला लागू आहे.

तक्रारी तीन आहेत.

दुपारी एसी लावून सीताबर्डीच्या गर्दीत अडकलो की तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकतो. व्हरायटी चौकातून सुटून वर्धा रोडला लागलो, गाडी साठ-सत्तरवर गेली की काटा परत जागेवर. सिग्नलला उभं असताना एसीही नुसती हवा फेकतो, गाडी पळायला लागली की थंड करतो.

दुसरं, चढावर दम नाही. रामटेकला गडमंदिराच्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये ओढत नाही, मग इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि ३००० आरपीएमच्या पुढे गाडी जातच नाही. बंद करून परत चालू केली की थोडा वेळ बरी.

तिसरं, पुढे डावीकडे खडखड. बारीक खड्ड्यांवर जास्त, मोठ्या स्पीडब्रेकरवर जवळजवळ नाही.

एका वर्कशॉपने हेड (इंजिनच्या सिलिंडरांवरचा वरचा भाग) उघडावं लागेल सांगितलं, अंदाज ७० हजार. दुसरीकडे म्हणाले थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारी झडप, काढून टाकू. दोन्हीकडे बॉनेट उघडून दोन मिनिटंसुद्धा कुणी नीट पाहिलं नाही, याचा मला जास्त राग आहे. आधी काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने? इंजिन तेल पीत नाही, बॉडीला गंज नाही, म्हणून माझा कल गाडी ठेवण्याकडे आहे.

वऱ्हाडी ठेचा
भाऊ, थर्मोस्टॅट काढून फेका न मोकळे व्हा. आमच्या जीपचा कधीचा काढलेला हाये, काई होत नाई. नागपुरात ४६ डिग्रीत थर्मोस्टॅट पाह्यजेच कायले?

पान्हा
ठेचा भाऊ, जुन्या मेकॅनिकल पंपाच्या जीपचं वेगळं आणि कॉमन रेल इंजिनचं, जिथे एकाच सामाईक नळीत डिझेल दाबाखाली असतं, त्याचं वेगळं. इथे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पाण्याचं तापमान बघून डिझेल किती फवारायचं ते ठरवतो. थर्मोस्टॅट काढला की हिवाळ्यात पहाटे इंजिन कितीतरी वेळ थंडच राहतं, ईसीयू जास्त डिझेल देतो, काजळी वाढते, ॲव्हरेज पडतं. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची वाट बंद करतो. तो काढलात तर ती वाट कायम उघडी, म्हणजे काही गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात. अशा गाडीत काढून उलट तापण्याची शक्यता वाढते. अडकला असेल तर नवीन टाका. काढून ठेवणं हा उपाय नाही.

पुणेरी नागपूरकर
स्पष्ट लिहितो. १३ वर्षांची डिझेल गाडी. विका. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तशीही बंदी येते आहे, मग कुणी घेणार नाही.

कन्हान
ती दहा वर्षांची अट दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातली आहे, २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशातून आलेली. नागपूरला ती लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. अंबाझरी यांची २०१२ ची म्हणजे २०२७ पर्यंत कागदाचा प्रश्नच नाही. पुढचं नंतर लिहितो, आधी गाडीचं बघू.

हिंगण्याचा फिटर
अंबाझरी, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की अर्धं काम झालंच आहे. माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे, हिंगणा रोडला. गाडी न बघता खात्री देत नाही, पण तुमच्या जागी मी असतो तर हेडला आज हातही लावला नसता.

का ते सांगतो. गाडी तापते कधी, हा पहिला प्रश्न. उभी असताना तापते आणि पळताना थंड होते, तर दोष हवेचा. पळताना, चढावर, भरलेल्या गाडीत तापते, तर दोष पाण्याचा: आतून चोक झालेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. आणि दोन्हीकडे तापते, पाणी रोज कमी होतं, गळती कुठेच दिसत नाही, तेव्हा हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या सीलचा, संशय.

तुमची गाडी पहिल्या प्रकारात बसते. पळताना समोरून हवा आपोआप येते, उभी असताना ती फक्त पंख्याने येते. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो आणि दोघांना तोच पंखा. सिग्नलला एसी गरम आणि काटा वर, ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे.

आता तपासा. इंजिन चालू, एसी चालू, बॉनेट उघडं. पंखा काही सेकंदांत फिरायला हवा. बऱ्याच गाड्यांत त्याला दोन वेग असतात. मंद वेग एका रेझिस्टरमधून जातो आणि जुन्या गाडीत तो रेझिस्टर जळतो. मग मंद वेग मेलेला, आणि पाणी फार तापल्यावर एकदम मोठा वेग सुरू होतो. मालकाला वाटतं पंखा चालतोय, कारण आवाज येतो. तो पंखा उशिरा चालतोय. रेझिस्टर ठीक निघाला तर रिले, मग फ्यूज, मग मोटरची कार्बन ब्रश.

दुसरं काम: कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट बघा. टॉर्च लावा. दोन लाख किमीच्या गाडीत तिथे धूळ, किडे, सावरीचा कापूस असा गोधडीएवढा जाड थर निघतो. समोरून पाणी मारून तो निघत नाही. वरच्या क्लिपा काढून कंडेन्सर थोडा पुढे करायचा आणि आतून बाहेर, कमी दाबाने धुवायचं. प्रेशर वॉशरचं नोझल जवळ नेलं तर पत्र्याच्या बारीक फिन्स दुमडतात आणि हवा कायमची अडते.

ऑरेंज सिटीकर
वाचनखूण साठवली.

पान्हा
फिटर यांच्या प्रतिसादात एक जोडते. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो मध्यावर मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, पाणी ८० असो की ९५. काटा मध्यावरून हलला याचा अर्थ पाणी आधीच खूप तापलंय. ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर (ईसीयूला जोडून त्यातली माहिती वाचणारा) आणि मोबाईलवर एखादं ॲप घेतलंत तर खरं तापमान अंशांत दिसेल, पंखा किती अंशांवर लागतो तेही कळेल आणि पिवळ्या दिव्याचा कोडही वाचता येईल. कोड वाचल्याशिवाय दुसऱ्या तक्रारीवर बोलणं म्हणजे अंधारात चाचपडणं. आणि कोड पुसू नका, आधी लिहून ठेवा.

वऱ्हाडी ठेचा
बरं बाप्पा, थर्मोस्टॅट राहू द्या. पण पाणी कोणतं टाकता ते तरी विचारा त्यायले. अर्धं नागपूर बोरचं पाणी टाकते रेडिएटरमध्ये.

हिंगण्याचा फिटर
ठेचा भाऊ, हा मुद्दा लाख मोलाचा. आपल्याकडे बोरचं पाणी जड. क्षार आत बसतात, रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात आणि वरून काही दिसत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर गरम रेडिएटरवर फिरवा. एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा बराच थंड लागला तर तिथे पाणी फिरत नाही. कूलंट कंपनीने सांगितलेलाच, डिस्टिल्ड पाण्यात निम्मा-निम्मा. साधं पाणी १०० ला उकळतं. कूलंट आणि झाकणाचा दाब मिळून ती मर्यादा बरीच वर जाते, म्हणून झाकणाचं रबर आणि स्प्रिंगही तपासा. आणि गरम इंजिनाचं झाकण कुणीही, कधीही उघडू नका. भाजलेले हात मी पाहिलेत.

वैनगंगा
थोडं अवांतर. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. त्या उन्हात डांबराच्या अगदी वरची हवा त्याहून गरम असते, आणि रेडिएटर तीच हवा ओढतो. जी गाडी पुण्यात पाच वर्षं तक्रार न करता चालेल तिचा जरासा थकलेला पंखा इथे एप्रिलमध्येच उघडा पडतो. बाहेरच्या मंचांवरचे सल्ले वाचताना हे डोक्यात ठेवा.

पुणेरी नागपूरकर
वैनगंगा, पुण्याच्या गर्दीत रोज दोन तास उभं राहून बघा, तिथेही पंखा उघडा पडतो. पण विकण्याचं माझं मत कायम आहे. पंखा झाला की इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो, टर्बो झाला की डिझेल फवारणारे इंजेक्टर, मग क्लच. कुठे थांबायचं ते आधी ठरवा.

पान्हा
हा प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं उत्तर असं: इंजिनचा ब्लॉक, गिअरबॉक्स आणि बॉडी या तीन गोष्टी शाबूत असतील तर बाकी सगळं बोल्टने लागतं आणि बोल्टने निघतं. तेल पीत नाही आणि गंज नाही हे अंबाझरी यांनी लिहिलंच आहे. कोरड्या हवेमुळे विदर्भातल्या गाड्यांची बॉडी किनारपट्टीच्या गाड्यांपेक्षा खूप चांगली राहते. नवीन गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांत ही गाडी तोंडापासून शेपटापर्यंत नीट होईल.

रामटेकचा गड
आमच्या गडाच्या चढाचं नाव निघालं म्हणून लिहितो. चढावर दम जाणं, दिवा लागणं, ३००० वर अडकणं आणि बंद करून चालू केल्यावर बरं होणं, याला लिंप मोड म्हणतात. ईसीयूला काहीतरी पटत नाही म्हणून तो ताकद कापतो. माझ्या गाडीत टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा रबरी होज (नळी) फाटला होता. चीर खालच्या बाजूला, वरून बघून दिसायची नाही. हाताने खाली चाचपलं तर तेलकट ओल लागली. टर्बोची हवा तिथून सुटत होती. जोर दिला की फुस्स असा आवाज यायचा आणि मागून काळा धूर. कोड होता पी०२९९.

डिझेल डायरी
+१. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब हवा तेवढा मिळत नाही. वर्कशॉपमध्ये हा कोड दिसला की कधी कधी थेट टर्बो बदलायला सांगतात. आधी होज, क्लॅम्प, टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या ॲक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी आणि हवेचा दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरवरची काजळी बघा. पी००८७ निघाला तर गोष्ट वेगळी, तो रेलमधला डिझेलचा दाब कमी असल्याचा. तेव्हा सुरुवात डिझेल फिल्टरपासून. फिल्टर कधी बदललाय? पाणी काढायचा खालचा स्क्रू कधी उघडलाय? पी०४०१ असेल तर ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने भरलेला.

ऑरेंज सिटीकर
अवांतर: उंदरांवर कुणाकडे उपाय आहे का? मानेवाड्याला रिकाम्या प्लॉटशेजारी गाडी उभी असते. पावसाळ्यात बॉनेटखाली वायरी कुरतडतात. एकदा पंख्याचीच वायर कुरतडली होती, म्हणून इथे विचारतोय.

वऱ्हाडी ठेचा
तंबाखूची पुडी बांधून ठेवा, आमच्या काकाजीचा उपाय. उंदीर येते, तंबाखू पाह्यते, न चुना मागते.

पान्हा
ठेचा भाऊ. ऑरेंज सिटीकर, रात्री बॉनेट उघडं ठेवता येत असेल आणि आत दिवा लावता येत असेल तर उंदीर टिकत नाहीत, त्यांना अंधार आणि ऊब हवी असते. इंजिनखालून बारीक जाळी बसवून मिळते. पण पंख्याच्या समोर जाळी नको, हवा अडते. कुरतडलेली वायर नुसती टेप गुंडाळून सोडू नका. सोल्डर करून हीट श्रिंक नळी चढवा.

अंबाझरी
सगळ्यांचे मनापासून आभार. स्कॅनर आणला. कोड पी०२९९. पंखा फिटर यांनी सांगितल्याप्रमाणे बघितला: एसी लावला तरी फिरत नाही. तापमान वाढत वाढत १०३ झालं तेव्हा एकदम मोठ्या वेगाने लागला. म्हणजे मंद वेग मेलेलाच आहे. हेड उघडायला निघालेल्या वर्कशॉपला हे बघायला पाच मिनिटं लागली असती.

होजकडे अजून हात गेलेला नाही. खडखडीबद्दल कुणी बोललं नाही, तेवढं सांगा.

हिंगण्याचा फिटर
खडखड लिंक रॉडची असावी. तो चाकाकडचा भाग स्टॅबिलायझर बारला, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, जोडतो. बारीक खड्ड्यात एकच चाक खाली-वर होतं, स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो आणि झिजलेला बॉल जॉइंट वाजतो. रुंद स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढतात, बारला पीळच बसत नाही, म्हणून आवाज नाही. तुम्ही नेमकं हेच लिहिलं होतं. गाडी उभी करून, चाकं पूर्ण एका बाजूला वळवून लिंक रॉड हाताने हलवा. खुट्ट झालं तर बदला, दोन्ही बाजूंचे. तरी आवाज राहिला तर लोअर आर्मचं मागचं बुश आणि वरचं स्ट्रट माउंटिंग. शॉकॲब्सॉर्बरवर तेलाचे ओघळ नसतील तर ते उगीच बदलू नका.

आणि हेडबद्दल मनात शंका राहायला नको म्हणून: सकाळी गार इंजिनावर वरचा होज दाबा, रात्रभर उभ्या गाडीतही तो टणक असेल तर वाईट. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली साय, गोडसर वासाचा पांढरा धूर, हेही बघा. ब्लॉक टेस्टर म्हणून एक निळं द्रावण मिळतं. कूलंटच्या टाकीतली हवा त्यातून ओढायची, ज्वलनाचा वायू असेल तर डिझेलला ते हिरवट-पिवळं होतं. निळंच राहिलं की हेडचा विषय संपला.

कन्हान
आधी लिहायचं राहिलेलं. १५ वर्षांनंतर कारच्या नूतनीकरणाची केंद्राची फी एप्रिल २०२२ मध्ये ५ हजार झाली, वर राज्याचा पर्यावरण कर. फिटनेसला धूर, ब्रेक, दिवे, सगळं बघतात. म्हणून टर्बोची हवा आणि ईजीआर आता नीट करून घेणं २०२७ साठीही उपयोगाचं.

आणि पावसाळ्याआधी समृद्धीने जाणार असाल तर टायरची तारीख बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतं. तापलेल्या काँक्रीटवर ताशी १२० ने तासन्‌तास जाणं या वयाच्या टायरला झेपत नाही. ७०१ किमीचा सरळ रस्ता मोकळा दिसला की पाय दाबला जातोच. शंभरच्या आत ठेवा.

पुणेरी नागपूरकर
रेझिस्टर, होज आणि लिंक रॉड एवढंच निघालं तर मी विका म्हणणार नाही. ७० हजारांच्या अंदाजावर मी तसं म्हटलं होतं.

अंबाझरी
नवीन माहिती. रेझिस्टर बदलला, एसी लावला की पंखा लगेच मंद फिरतो. कंडेन्सर पुढे करून धुतला. जे निघालं त्याचा फोटो काढून त्या वर्कशॉपला दाखवणार आहे. भर दुपारी बर्डीत उभी ठेवूनही पाणी ९७ च्या वर गेलं नाही आणि सिग्नलला एसी गार. ब्लॉक टेस्टचं द्रावण निळंच राहिलं. डावा लिंक रॉड साफ सैल होता, दोन्ही बदलले, खडखड गेली.

होजला खालून चीर होती, रामटेकचा गड यांचं बरोबर निघालं. नवीन होज टाकला. दम बराच परत आला, दिवा लागत नाही. पण १८०० आरपीएमच्या खाली अजून आळस वाटतो, आणि झटक्यात ॲक्सिलरेटर दाबला की थोडा काळा धूर दिसतो.

डिझेल डायरी
फाटक्या होजवर गाडी किती महिने चालली असेल कुणास ठाऊक. तेवढ्या काळात जास्त डिझेल आणि कमी हवा, म्हणजे काजळी ईजीआर आणि इनटेकमध्ये बसलेली असणार. ईजीआर काढून साफ करा, नवीन गॅस्केट आधी आणून ठेवा, जुनं परत बसत नाही. एमएपी सेन्सर सेन्सर-क्लीनरनेच धुवा, काडी किंवा ब्रश लावू नका. एअर फिल्टर बघितलात का? आपल्या धुळीत मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या किमीच्या निम्म्यावरच बदलावा लागतो.

त्यानंतरही धूर राहिला तर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन ठरावीक वेळ चालवायचं आणि पातळी बघायची. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त भरली तर दोष त्या एका इंजेक्टरचा. चौघांचा सेट घ्या असं कुणी म्हटलं तर आधी या बाटल्या दाखवायला सांगा.

अंबाझरी
एअर फिल्टर बदललेला आहे. रविवारी ईजीआर उघडतो, फोटो टाकतो. गॅस्केट मिळालं.

वऱ्हाडी ठेचा
ईजीआर कायमचा बंदच करून टाका न भाऊ, पत्र्याचा तुकडा लावून. लय जण करतात.

पान्हा
नको. ज्वलनाचं तापमान वाढतं, नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात आणि ईसीयू परत दिवा लावतो. २०२७ ला फिटनेसला तोच दिवा आडवा येईल. अंबाझरी, उघडाल तेव्हा व्हॉल्व्हची दांडी हाताने पूर्ण आत-बाहेर होते का, तेवढं आधी बघा. ती अडकत असेल तर नुसत्या सफाईने भागणार नाही.